मास्तरांच्या वडिलांचे नाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जूनचा शेवटचा आठवडा आला की आणीबाणीवर लेख येतात. २५ जूनची रात्र, दिल्लीतल्या वर्तमानपत्रांची तोडलेली वीज, जयप्रकाशजींची अटक, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक झाले आहे. माझ्या मनात मात्र आणीबाणीची तारीख म्हणून २८ एप्रिल १९७६ कोरलेली आहे. स्थानबद्ध माणसाला हेबियस कॉर्पसचा अर्ज घेऊन उच्च न्यायालयात येताच येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी दिला. त्या निकालाला यंदा पन्नास वर्षे झाली. त्यावर फारसे कुठे वाचायला मिळाले नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते लांबणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

मी वकील नाही. सीताबर्डीवरच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमधून इंग्रजीची परीक्षा पास होऊन १९७५ च्या मे महिन्यात मी धंतोलीतल्या एका वकिलांकडे टायपिस्ट म्हणून लागले. वय एकवीस. पुढची सदतीस वर्षे मी हेच काम केले. पहिल्या दोन महिन्यांत भाडेकरूंचे खटले आणि शेतीच्या वाटण्या एवढेच टाइप केले होते. जुलैत साहेबांनी पहिला हेबियसचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. मला त्यातले काही कळेना. तेव्हा त्यांनी जे सांगितले ते अजून कानात आहे. ‘हा अर्ज माणूस निर्दोष आहे असं म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो, की माणूस आणि त्याला ज्या कागदावर धरलंय तो कागद कोर्टापुढे आणा. कागद बरोबर असेल तर माणूस आत जाईल. चूक असेल तर घरी जाईल.’

तो अर्ज वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळामास्तरांचा होता. नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडे आहेत. मास्तरांना पहाटे घरातून उचलले होते. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, सकाळच्या पॅसेंजरने नागपूरला आल्या. हातात पिशवी आणि पिशवीत घडी घातलेला एक कागद. सायक्लोस्टाइल केलेला आदेश होता तो. मजकूर सगळा छापील, फक्त नाव, वडिलांचे नाव आणि गाव एवढे निळ्या शाईने भरलेले. साहेब तो वाचून दाखवत होते. वडिलांचे नाव आले तशा काकू पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, ‘अवो साहेब, हे तं आमच्या मामंजींचं नावच नाही.’

गाव बरोबर, मास्तरांचे नाव बरोबर, वडील भलतेच. त्या नावाचा दुसरा एक माणूस गावात होता. तो कामगार चळवळीत फिरायचा आणि वर्षभरापूर्वीच बायकोमुलांना घेऊन गाव सोडून गेला होता. साहेबांनी त्या रात्री अर्जाचा मजकूर सांगितला आणि मी तो हिरव्या लेजर पेपरवर उतरवला. खाली चार कार्बन होते. चूक झाली की पाचही प्रतींवर ब्लेडने खरडावे लागे. त्यातला परिच्छेद ‘सी’ मी कधी विसरणार नाही. त्यात एवढेच म्हटले होते: आदेशात ज्याचे नाव आहे तो हा माणूस नव्हे.

आता थोडे कायद्याबद्दल, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. २७ जून १९७५ ला राष्ट्रपतींनी घटनेच्या ३५९ व्या अनुच्छेदाखाली आदेश काढला. समानता, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य, अटकेपासून संरक्षण, म्हणजे १४, २१ आणि २२ हे अनुच्छेद. आणीबाणी असेपर्यंत त्यांच्यासाठी कुठल्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा. दोन दिवसांत ‘मिसा’ या खटल्याशिवाय डांबण्याच्या कायद्यात वटहुकूम काढून १६-अ हे कलम घातले गेले. माणसाला का धरले त्याची कारणे त्याला सांगायची नाहीत, असे त्यात होते. पुढे आणखी दुरुस्ती झाली आणि ती कारणे न्यायालयालाही दाखवायची नाहीत असे ठरले. आणीबाणीत मिसाखाली सुमारे ३५ हजार माणसे धरली गेली, असे नंतर शाह आयोगाने नोंदवले. भारत संरक्षण नियमांखाली धरलेले ७५ हजारांहून जास्त होते, ते वेगळेच.

तरीही उच्च न्यायालयांचे दार बंद झाले नाही. हे मला आवर्जून सांगायचे आहे, कारण आणीबाणी आणि न्यायालये म्हटले की लोकांना दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींचीच नावे आठवतात. जबलपूर, अलाहाबाद, राजस्थान, कर्नाटक, दिल्ली आणि आमचे नागपूर खंडपीठ, सगळ्यांनी आपापल्या शब्दांत तेच म्हटले. राष्ट्रपतींच्या आदेशाने मूलभूत हक्कासाठी दाद मागता येत नसेल, पण सरकारने ज्या कायद्याखाली माणसाला धरले तो कायदा तरी सरकारने पाळला की नाही, हे आम्ही पाहू शकतो. आदेशावर सही करणाऱ्याला अधिकार होता का, आदेशातला माणूस आणि तुरुंगातला माणूस एकच आहे का, कोणी वैर साधले का, हे विचारता येईल. आमच्या खंडपीठाचा तो निर्णय आला त्या दिवशी साहेबांनी ऑफिसात सगळ्यांना पेढे दिले. काकूंच्या वाट्याचा पेढा मी कागदात बांधून ठेवला होता.

हे निर्णय देणाऱ्या न्यायाधीशांना काय भोगावे लागले तेही सांगायला हवे. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या पत्नीने दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला होता. निकाल विरुद्ध जाणार असे दिसताच सरकारने नय्यर यांना सोडून दिले, म्हणजे निकालाची गरजच उरू नये. न्यायमूर्ती रंगराजन आणि न्यायमूर्ती अग्रवाल यांनी तरीही निकाल दिला. रंगराजन यांची बदली गुवाहाटीला झाली. अग्रवाल यांना उच्च न्यायालयात कायम केले नाही, ते पुन्हा सेशन्स जज्ज म्हणून खाली गेले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. आमच्याकडे कोर्टाच्या आवारात तेव्हा कोणी कोणाशी मोठ्याने बोलत नसे. चहाच्या टपरीवरही बदल्यांच्या याद्या कुजबुजत सांगितल्या जायच्या.

मुंबईतली दोन प्रकरणे आपल्या वाचकांसमोर मुद्दाम ठेवते. एक वकिलांच्या सभेचे. ऑक्टोबर १९७५ मध्ये मुंबईतल्या वकिलांना जिना हॉलमध्ये एक खासगी सभा घ्यायची होती. विषय होता राज्यघटनेतील नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य. माजी न्यायमूर्ती छागला बोलणार होते. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. न्यायमूर्ती तुळजापूरकर यांच्या खंडपीठाने ती बंदी रद्द केली. तुळजापूरकर हे नाव लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यांच्याकडे येणार आहे.

दुसरे प्रकरण वर्तमानपत्रांचे, म्हणजे आपल्याच घरचे. मिनू मसानी यांच्या मासिकातले अकरा मजकूर सेन्सॉरने अडवले. मसानी उच्च न्यायालयात गेले आणि सोली सोराबजी त्यांच्या बाजूने उभे राहिले. १० फेब्रुवारी १९७६ ला न्यायमूर्ती मादन (भिवंडी दंगलीच्या चौकशीमुळे ज्यांचे नाव महाराष्ट्राला माहीत आहे तेच) आणि न्यायमूर्ती कनिया यांनी निकाल दिला. सगळ्या वर्तमानपत्रांना एका सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. सेन्सॉरला लोकशाहीची दाई म्हणून नेमले आहे, तिची कबर खोदायला नव्हे, असेही एक वाक्य आहे. साहेबांनी तो निकाल मुंबईहून मागवला आणि आणखी प्रती काढायला माझ्यापुढे ठेवला. रात्री अकरापर्यंत मी तो टाइप करत होते. पाने भराभर हातोहात गेली. ऐन आणीबाणीत, सेन्सॉरच्या नाकासमोर एका भारतीय न्यायालयाने हे लिहिले होते. याची आठवण आपल्या अंकात दरवर्षी यावी असे मला वाटते.

मास्तरांचा अर्ज खंडपीठाने दाखल करून घेतला होता. पण तोवर सरकार सगळ्या उच्च न्यायालयांच्या निर्णयांविरुद्ध दिल्लीला गेले होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत आमच्यासारखे अर्ज लटकून राहिले. काकू दर पंधरा दिवसांनी यायच्या. सेंट्रल जेलला भेट, मग आमचे ऑफिस, मग संध्याकाळची गाडी. सोबत भाकरी आणि तिळाची चटणी असायची आणि मला त्यातली अर्धी खावीच लागे. भेटीत मास्तर काय म्हणाले ते सांगायच्या. तुरुंगात शिरताना रजिस्टरवाल्याने वडिलांचे नाव विचारले, मास्तरांनी खरे सांगितले, त्याने वॉरंटावरचे पाहून तेच लिहून घेतले. मास्तर म्हणाले, हे माझे वडील नव्हेत. तो म्हणाला, ते तुम्ही वर सांगा. मास्तरांना निलंबित केले होते, घरात पगार येत नव्हता, काकू शिवणकामावर दोन मुले सांभाळत होत्या.

दिल्लीतली सुनावणी डिसेंबरात सुरू झाली. पाच न्यायमूर्ती होते: सरन्यायाधीश अजितनाथ रे, हंसराज खन्ना, मिर्झा हमीदुल्ला बेग, यशवंत विष्णू चंद्रचूड आणि प्रफुल्लचंद्र भगवती. स्थानबद्धांच्या बाजूने शांती भूषण होते, सोराबजी होते आणि आपल्या सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे होते. तारकुंडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले. आमचे साहेब त्यांचा उल्लेख ‘तारकुंडेसाहेब’ असाच करायचे, आणि तो करताना चष्मा काढायचे.

सुनावणीत न्यायमूर्ती खन्ना यांनी सरकारचे वकील, ॲटर्नी जनरल निरेन डे यांना एक प्रश्न विचारला. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून माणसाला ठार मारले, तर त्यावर उपाय आहे का? डे यांनी उत्तर दिले की आणीबाणी असेपर्यंत नाही. आपल्या विवेकाला याचा धक्का बसेल, माझ्याही बसतो, पण माझ्या युक्तिवादाप्रमाणे कुठल्याही न्यायालयात त्याची दाद लागणार नाही, असेही ते म्हणाले. ही गोष्ट साहेबांना दिल्लीहून आलेल्या एका वकिलाने आमच्या ऑफिसात बसून सांगितली. मी मशीनवर होते. माझे हात थांबले. एवढे तोंडाने कबूल करून घेतल्यावर आता सरकारच्या बाजूने निकाल लागूच शकत नाही, असे मला वाटले. साहेबांनाही तसेच वाटले होते.

२८ एप्रिलला नागपुरात ऊन मी म्हणत होते. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारून झाले होते. दुपारनंतर साहेबांना दिल्लीहून ट्रंक कॉल आला. ते उभे राहून बोलत होते, फोन ठेवल्यावरही उभेच राहिले. मग म्हणाले, ‘चार विरुद्ध एक.’ एक कोण ते त्यांनी लगेच सांगितले नाही. आधी म्हणाले, ‘चंद्रचूडसुद्धा.’

निकालाचा मुख्य आदेश पुढे माझ्याच हातून टाइप झाला. त्यात म्हटले होते की राष्ट्रपतींच्या २७ जूनच्या आदेशामुळे कोणाही व्यक्तीला हेबियसचा अर्ज उच्च न्यायालयात करण्यास ‘लोकस स्टँडाय’ नाही. स्थानबद्धतेचा आदेश कायद्याला धरून नाही, बेकायदा आहे, दुष्ट हेतूने काढला आहे, असे काहीही कारण पुढे करून चालणार नाही. ‘लोकस स्टँडाय’ म्हणजे काय असे मी साहेबांना विचारले. ते म्हणाले, ‘उभं राहायला जागा.’

चौथ्या दिवशी काकू आल्या. त्यांना समजावून सांगायचे काम साहेबांनी माझ्यावर टाकले. मला वाटते त्यांना ते जमले नसते. मी म्हटले, काकू, आता अर्ज चालणार नाही. त्यांनी विचारले, ‘म्हंजे मामंजींचं नाव चुकलं ते कोर्टानं पायलं नाही का?’ मी म्हटले, पाहिले नाही. पाहायचेच नाही असे ठरले आहे. त्या बराच वेळ दारातच उभ्या राहिल्या. मी खुर्ची पुढे केली, तरी बसल्या नाहीत.

न्यायमूर्ती बेग यांच्या निकालपत्रात एक वाक्य आहे. स्थानबद्धांची राहण्या-खाण्याची नीट सोय आहे आणि सरकार त्यांची काळजी जवळजवळ आईच्या मायेने घेते आहे, अशा अर्थाचे. ते वाचून मला आलेला राग पन्नास वर्षांत कमी झालेला नाही. तिकडे खन्ना यांनी एकट्याने लिहिले की जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क ही काही राज्यघटनेने दिलेली देणगी नव्हे. घटना नव्हती तेव्हाही कायद्याच्या आधाराशिवाय राज्याला कोणाचा जीव घेता येत नव्हता. त्यामुळे २१ वा अनुच्छेद बाजूला ठेवला तरी तो हक्क उरतोच. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदाची पाळी खन्ना यांची होती. त्यांना डावलून ते पद बेग यांना दिले गेले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

चंद्रचूड यांच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. पुण्याचे, नूतन मराठी विद्यालयातले, आमच्या साहेबांच्या पिढीला ज्यांचा अभिमान होता असे. त्यांच्याबद्दल रागाने लिहायची माझी पात्रता नाही. पण आपण मराठी माणसे न्यायाची गोष्ट निघाली की रामशास्त्र्यांवर येऊन थांबतो आणि त्या एप्रिलचे नाव काढत नाही, हे मला बरोबर वाटत नाही. सासवडचे तारकुंडे ज्या खोलीत उभे राहून मागत होते, त्याच खोलीत पुण्याचे चंद्रचूड नाही म्हणत होते. दोन्ही आपलेच आहेत. २०१७ मध्ये खासगीपणाच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा निकाल रद्दबातल ठरवला आणि तो किती सदोष होता हे ज्यांनी लिहिले ते धनंजय चंद्रचूड, त्यांचेच चिरंजीव. भगवती यांनी त्याआधीच, २०११ मध्ये, आपली चूक झाल्याचे जाहीरपणे कबूल केले होते. याबद्दल मला आदर आहे. पण मास्तर तेव्हा हयात नव्हते.

दार बंद झाल्यावर काय होते त्याचे सर्वात दुःखद उदाहरण केरळचे आहे. कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला राजन नावाचा विद्यार्थी १ मार्च १९७६ ला पोलिसांनी उचलला. त्याचे वडील, प्राध्यापक ईच्चर वारियर, वर्षभर अधिकाऱ्यांच्या आणि मंत्र्यांच्या दारी फिरले. उच्च न्यायालयात हेबियसचा अर्ज त्यांना करता आला तो आणीबाणी उठल्यावर, मार्च १९७७ मध्ये. न्यायालयाने मुलाला हजर करा म्हटले. हजर करायला मुलगा उरलाच नव्हता. पोलिसांच्या कक्कयमच्या छावणीतच त्याचा जीव गेला होता. मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. वर्षापूर्वी कोणी न्यायाधीश ‘मुलगा कुठे आहे’ एवढे विचारू शकला असता, तर कदाचित... मी हे वाक्य पुरे करू शकत नाही.

मास्तर फेब्रुवारी १९७७ मध्ये सुटले. एकोणीस महिने. सुटकेच्या कागदावरही वडिलांचे नाव तेच चुकीचे होते. पुन्हा शाळेत रुजू झाले, निवृत्त झाले, गेले. मला एकदा म्हणाले होते, ‘सोडलं नसतं तरी चाललं असतं, पण एकानं तरी विचारायला पाहिजे होतं, तुमच्या वडिलांचं नाव काय म्हणून.’

इथे पत्र थांबवता आले असते. पण मी ज्यासाठी बसले ते अजून सांगायचे आहे.

१९७८ मध्ये जनता सरकारने ४४ वी घटनादुरुस्ती केली. तिच्यामुळे आता आणीबाणीतसुद्धा २० आणि २१ हे अनुच्छेद स्थगित करता येत नाहीत. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण गेले, ‘सशस्त्र उठाव’ आले. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो आणि महिनाभरात संसदेची दोन तृतीयांश मतांनी मंजुरी लागते. हे सगळे लोकांना माहीत आहे, व्याख्यानांतून सांगितलेही जाते. लोकांना माहीत नाही ते याच दुरुस्तीतले कलम ३.

खटल्याशिवाय माणसाला डांबण्याची मुभा आपल्या घटनेत आणीबाणी नसतानाही आहे, ती २२ व्या अनुच्छेदात. तीन महिन्यांहून जास्त ठेवायचे तर सल्लागार मंडळाची संमती लागते. त्या मंडळावर आजी-माजी न्यायाधीश असू शकतात किंवा न्यायाधीश होण्यास केवळ पात्र असलेली माणसेही. कलम ३ ने यात दोन बदल सांगितले होते. तीनऐवजी दोन महिने. आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचे, अध्यक्ष सेवेतले न्यायाधीश, बाकीचे सेवेतले किंवा निवृत्त न्यायाधीशच. म्हणजे सरकारच्या मर्जीतली माणसे नकोत. आणीबाणीतून देशाने घेतलेला हा धडा होता. दुरुस्तीतल्या कुठल्या कलमाचा अंमल कधी सुरू करायचा, ते केंद्र सरकारने अधिसूचना काढून ठरवायचे होते. बहुतेक कलमे जून १९७९ मध्ये लागू झाली. कलम ३ ची अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. त्यानंतर दिल्लीत सगळ्या रंगांची सरकारे येऊन गेली. त्यांत आणीबाणीत तुरुंगात गेलेली माणसे मंत्री होती, काही तर पंतप्रधान झाली. कोणीही ती काढली नाही.

यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागून झाली आहे. धनबादचे खासदार ए. के. रॉय यांना राष्ट्रीय सुरक्षा वटहुकमाखाली धरले होते, त्या खटल्यात. २८ डिसेंबर १९८१ ला निकाल लागला. सरन्यायाधीश होते चंद्रचूड, सोबत भगवतीही होते. बहुमताने ठरले की कलम लागू करा असा हुकूम न्यायालय सरकारला देऊ शकत नाही. अडीच वर्षे होऊनही ते लागू करायला कोणती अडचण आहे हे समजणे कठीण आहे, असे चंद्रचूड यांनी लिहिले, पण हुकूम दिला नाही. दोन न्यायमूर्तींनी या मुद्द्यावर असहमती नोंदवली: ए. सी. गुप्ता आणि व्ही. डी. तुळजापूरकर. संसदेने सरकारला कलम लागू करण्याचा अधिकार दिला आहे, ते कायमचे दाबून ठेवण्याचा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईच्या वकिलांना सभा घेऊ देणारे तेच हे तुळजापूरकर. आमच्या साहेबांनी हा निकाल वाचून मला हाक मारली आणि फक्त त्या नावावर बोट ठेवले.

आपल्याच अंकात आठवड्यातून दोन-तीनदा बातमी असते: अमुक भागातला गुंड ‘एमपीडीए’खाली वर्षभरासाठी स्थानबद्ध. गुंडांना खटल्याशिवाय डांबण्याचा महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा तो. त्या बातमीतला माणूस पुष्कळदा खरोखरच गुंड असतो, मोहल्ला त्याला कंटाळलेला असतो, हे मी जाणते. पण मी असे शेकडो आदेश टाइप करून उच्च न्यायालयात जाताना पाहिले आणि त्यातले कितीतरी रद्द होऊन परत आलेलेही पाहिले. कुठे साक्षीदारांच्या जबाबाची तपासणीच केलेली नाही, कुठे माणसाला कळत नाही अशा भाषेत कागद दिलेले, कुठे जुन्याच गुन्ह्यांची यादी जोडलेली. फरक इतकाच की आता कोर्ट कागद पाहते. पण ते पाहीपर्यंत वर्षातले सात-आठ महिने गेलेले असतात. त्याआधी ज्या सल्लागार मंडळाने पाहायचे त्याच्यापुढे माणसाला हक्काने वकीलही नेता येत नाही. म्हणून ते मंडळ कोणाचे आहे, याला महत्त्व आहे.

माझ्या दोन मागण्या आहेत. केंद्र सरकारने ४४ व्या दुरुस्तीच्या कलम ३ ची अधिसूचना काढावी. त्यासाठी नवा कायदा नको, संसदेत मतदान नको, राजपत्रात एक पान पुरेसे आहे. आणि उच्च न्यायालयांनी स्थानबद्धतेविरुद्धचे अर्ज ठराविक मुदतीत निकाली काढावेत, कारण मुदत संपून माणूस आपोआप सुटला की अर्ज निरर्थक म्हणून निकाली निघतो आणि आदेश चूक होता की बरोबर हे कायमचे राहून जाते, जसे मास्तरांचे राहिले.

मास्तरांच्या अर्जाची पाचवी, शेवटच्या कार्बनखालची प्रत माझ्याकडे आहे. अक्षरे फिकट झाली आहेत, परिच्छेद ‘सी’ अजून वाचता येतो. तिची झेरॉक्स जोडून विदर्भातल्या सगळ्या खासदारांना मी गेल्या महिन्यात रजिस्टर्ड पत्रे पाठवली. दोघांकडून पोच आली आहे. बाकीच्यांच्या उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
एक निवृत्त टंकलेखिका,
धंतोली, नागपूर